उसातलं पिल्लू अनाथ नसतं. घरी आणू नका



तोडी जोरात चालू आहेत. कारखान्यांची धुराडी पेटलीत, रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे. आणि दरवर्षीसारखी फोनवर पिल्लांचीही रांग लागली आहे. कुणाच्या तळहातावर डोळे न उघडलेलं पिल्लू, कुणी बाटलीनं गाईचं दूध पाजतोय, कुणी गळ्यात लाल दोरा बांधलाय आणि मागं वाघाचं गाणं. खाली शंभर जण बदाम टाकतात आणि चार जण विचारतात, "दादा, द्यायचंय का? काय घेणार?"

आज त्यावरच लिहितो आणि जरा कडक लिहितो. कुणाला टोचलं तर टोचू द्या. उसात सापडलेलं पिल्लू उचलून घरी आणणं याला दया म्हणू नका. ती चोरी आहे. एक तर आईचं लेकरू चोरलं, आणि दुसरं म्हणजे आपल्याच शिवाराचा राखणदार चोरला.

हे खूळ आलं कुठून तेही सांगतो. अमेरिकेत बॉबकॅट नावाचं रानमांजर असतं. आखूड शेपूट, कानाच्या टोकाला केसांचे झुबके, अंगावर ठिपके, नर दहा किलोच्या पुढं जातो. तिथं राज्याराज्यात कायदे वेगळे. काही राज्यांत बंदी, काही ठिकाणी परवाना काढून पाळता येतं. लोक पैदास करणाऱ्याकडून पिल्लू विकत घेतात, सोफ्यावर बसवतात, व्हिडिओ काढतात. तो व्हिडिओ फिरत फिरत आपल्या पारावर येतो. पोरं बघतात आणि म्हणतात, "च्यायला, आपल्या उसात पण असलंच असतंय की!"

व्हिडिओ असतो अर्ध्या मिनिटाचा. जनावर पिंजऱ्यात वीस वर्षांच्या पुढंही जगतं. त्या वीस वर्षांचा व्हिडिओ कोण टाकत नाही. दीड-दोन वर्षांत बॉबकॅट वयात येतो आणि हद्द आखायला लागतो. हद्द आखतो म्हणजे सोफा, गादी, भिंत, जिथं वाटेल तिथं मुतून ठेवतो. खेळता खेळता चावतो तो मांजराचा चावा नसतो. मग कुणी त्याची नखं काढून आणतं. नखं काढणं म्हणजे नुसती नखं कापणं नव्हे, बोटाचं शेवटचं हाड नखासकट कापून टाकतात. तरी जमलं नाही की परसात पिंजरा. तेही जमलं नाही की 'कुणी घेता का' म्हणून शोधाशोध. त्या देशानं २०२२ साली कायदा करून खासगी माणसानं वाघ, सिंह, बिबट्या पाळायला बंदी घातली. पण त्या यादीत बॉबकॅट नाही. म्हणून त्याचे व्हिडिओ अजून चालूच आहेत आणि आपण ते बघून शिकतोय.

आता आपल्या शिवारात काय आहे ते बघू. बारामती-इंदापूरच्या उसात दोन रानमांजरं राहतात. एक बाऊल, ज्याला आपण सरसकट रानमांजर म्हणतो. मातकट रंग, लांब पाय, शेपूट अंगाच्या मानानं आखूड आणि टोकाकडं काळी वलयं, कानाच्या टोकावर थोडे काळे केस. घरच्या बोक्यापेक्षा उंच दिसतं. दुसरी वाघाटी. ही घरच्या मांजरापेक्षाही बारकी. पूर्ण वाढ झालेली वाघाटी दीड किलोच्या आसपास. करडं अंग, त्यावर तांबूस ठिपके, कपाळावर उभे पांढरे पट्टे. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांत तिची गणती होते आणि ती भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठंही सापडत नाही. त्यातही बहुतेक आपल्याच देशात. सांगायचा मुद्दा असा की अमेरिकेतला माणूस जिच्यासाठी विमानानं येईल, ती तुमच्या खोडव्यात उंदीर धरत असते आणि तुम्हाला पत्ता नसतो.

ही जनावरं उसात आली कशी? आपल्या तालुक्यांचे दोन भाग आहेत. एक नीरेच्या पाण्याखालचा, जिथं डावा कालवा आणि त्याच्या चाऱ्या पोचल्या. दुसरा कोरडा माळ. सुपं, शिर्सुफळ, कडबनवाडीकडचा. सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ चं, अवघं पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर, चिंकाऱ्यासाठी राखलेलं. शिर्सुफळ आणि कडबनवाडीला आता वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केलीय, लोक पैसे भरून लांडगा, खोकड, चिंकारा बघायला येतात. रानमांजर मूळचं असल्याच गवताचं, झुडपाचं आणि ओढ्याकाठच्या लव्हाळ्याचं. आपण गवत मोडलं, ओढे बुजवले, बांध कोरले. त्याच्या बदल्यात लावला ऊस. ऊस म्हणजे पण गवतच. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी राहते. आत सावली, पाणी, उंदीर, आणि माणूस सहसा आत शिरत नाही. त्या मांजरीच्या नजरेनं बघा. तिला हे गवताचं रान वाटलं तर चूक कुणाची? आपण तिचं घर घेतलं आणि नकळत दुसरं बांधून दिलं. फरक एवढाच की हे दुसरं घर दर हंगामाला एका दिवसात पडतं.

आणि ती त्या घराचं भाडं देते, हे लक्षात ठेवा. राजस्थानच्या सारिस्का जंगलात रानमांजराच्या खाण्याचा अभ्यास झालाय. त्यातला अंदाज असा की एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं. तीन धरले तरी वर्षाला हजारावर गेले. पाच धरले तर अठराशे. उंदीर, घुशी उसाचं काय करतात हे मी सांगायला नको. बुडातून कुरतडलेला ऊस आडवा पडतो, सडतो, वजनात मार खातो. गव्हात, हरभऱ्यात, मक्यात वेगळंच. त्यासाठी आपण दुकानातून विषाच्या पुड्या आणतो, गोळ्या करून बिळात टाकतो. एका बाजूला फुकट काम करणारी मांजरी उचलून घरात कोंडायची आणि दुसऱ्या बाजूला विष विकत आणायचं. वर तो विष खाल्लेला उंदीर दुसऱ्या मांजरीनं, घुबडानं खाल्ला की तेही जायची भीती. असला हिशोब कुठल्या शेतकऱ्याला परवडतो?

कुणी म्हणेल, मांजरच आहे की, माणसाळेल. नाही माणसाळत. घरची मांजरं आपल्या रानमांजरापासून झालेली नाहीत. ती आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका वेगळ्या रानमांजराची औलाद. दहा हजार वर्षांपूर्वी तिकडं माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागं उंदीर आले, उंदरांमागं ते मांजर आलं आणि पिढ्यानपिढ्या स्वतःच माणसाजवळ राहायला शिकलं. आपल्या बाऊलाच्या जातीलाही माणसानं जवळ करून बघितलंय. जुन्या इजिप्तमध्ये या जातीच्या ममी सापडल्यात. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी लोकांनी ते हाताळलं होतं. तरी त्याची पाळीव जात झाली नाही. जे तिथल्या लोकांना जमलं नाही ते तुम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये दोन महिन्यांत जमणार का?

आणि पाळायच्या हौसेनं काय होतं याचा आपल्याच देशात मोठा धडा आहे. चित्ता. राजेलोकांना चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट मारवायचा नाद होता. अकबराकडं एका वेळी हजार चित्ते होते असं सांगतात. आपल्याकडं कोल्हापूर संस्थानातही हा खेळ होता, चित्ते सांभाळायला चित्तेवान ठेवलेले असत. पण पिंजऱ्यात चित्ते वाढत नव्हते. जहांगिराच्या काळात एकदा एका पाळलेल्या मादीला पिल्लं झाली, तर त्याची नवल म्हणून नोंद केली गेली. म्हणजे प्रत्येक पाळलेला चित्ता हा रानातून धरून आणलेला. रानातून काढत राहिले, काढत राहिले. गवताची रानं नांगराखाली गेली, बंदुका आल्या आणि उरलेले संपले. विसाव्या शतकात कोल्हापूरला चित्ते हवे होते तर आफ्रिकेतून मागवायची वेळ आली. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियातून आठ चित्ते विमानानं आणावे लागले. ज्यांनी चित्ते पाळले त्यांना चित्ते आवडतच होते की. आवडण्यानं जनावर वाचत नाही.

आता पिल्लू घरी आणल्यावर काय होतं ते बघा. आमच्या बाजूच्या एका वस्तीवर झालेलं सांगतो, नाव-गाव सांगत नाही. बाऊलाचं पिल्लू, मूठभर. पहिल्या दिवशी गाईचं दूध. मांजराच्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही, हगवण लागली. त्यातनं वाचलं. मग नुसतं कोंबडीचं मऊ मटण. हाडाशिवाय नुसतं मांस घातलं की वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय फाकतात. त्याचे फाकले. तोवर व्हिडिओला बघणारे भरपूर. पाच-सहा महिन्यांनी ते हाताला चावायला लागलं, घरातल्या बारक्या पोराला ओरबाडलं, मग साखळी आली. शेवटी एका रात्री ओढ्याला 'सोडून' दिलं. सोडून दिलं म्हणे! ज्याला आईनं शिकार शिकवली नाही, ज्याला माणसाची भीती नाही, ज्याचे पाय धड नाहीत, ते कुठं जाणार? ते गेलं दुसऱ्या वस्तीवरच्या खुराड्याकडं. तिथं काठ्या होत्या.

ही गोष्ट एकट्या त्या वस्तीची नाही. 'मोठं झालं की सोडू' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं थोड्याफार फरकानं हेच होतं. रानमांजराचं पिल्लू सहाएक महिने आईमागं फिरून शिकार शिकतं. उंदीर कुठल्या बिळातून निघतो, साप दिसला तर काय करायचं, कुत्र्याचा वास आला तर कुठल्या बाजूनं पळायचं. हे शिकवायला आपल्याकडं मास्तर नाही.

आता नेहमीची उत्तरं घेऊ. दर वर्षी हीच येतात.

पहिलं, "आई सोडून गेली होती." नाही गेली. दिवसा तोड चालू असते, पंधरा-वीस कोयते, ट्रॅक्टर, गाणी, कुत्री. ती मांजरी काय तुमच्यासमोर येऊन बसणार? ती शेजारच्या फडात नाहीतर चारीतल्या गवतात दबून बसलेली असते. अंधार पडायची वाट बघत. एकेक पिल्लू तोंडात धरून हलवायचं तिचं काम रात्रीचं. तुम्ही संध्याकाळी पाचला पिल्लू घेऊन गेलात, ती आठला आली. सोडून कोण गेलं?

दुसरं, "कुत्र्यांनी खाल्लं असतं." खरं आहे, खाल्लं असतं. मग कुत्री बांधा. एका रात्रीपुरती. पिल्लाला साखळी घालण्यापेक्षा कुत्र्याला घालणं सोपं.

तिसरं, "आमच्या कोंबड्या नेतं, त्याचं काय?" नेतं. माझ्याही नेल्यात. इथं मी खोटं बोलणार नाही. रानमांजर कोंबडीवर मारा करतं आणि ज्याच्या घरी दहा कोंबड्यांवर बाजारखर्च चालतो त्या माऊलीला उंदरांचा हिशोब सांगून उपयोग नाही. पण त्याला उपाय खुराड्याचा आहे. खाली वितभर जमिनीत गाडलेली जाळी, वर झाकण, दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत. आणि पिल्लू घरी पाळून कोंबड्या वाचतात का? उलट घरात वाढलेल्या रानमांजराला खुराडं कुठं असतं ते आधीच माहीत असतं.

चौथं, आणि हे फार ऐकायला मिळतं, "मग प्रकाश आमट्यांनी कसे बिबटे पाळले?" मंडळी, जरा समजून घ्या. हेमलकसा भामरागडच्या जंगलात. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. तिथल्या माडिया लोकांचं पोट शिकारीवर होतं. आई मारली गेली की पिल्लूही खाल्लं जायचं. आमट्यांनी त्यांना सांगितलं, पिल्लू मला द्या, त्या बदल्यात धान्य न्या. म्हणजे जी पिल्लं त्यांच्याकडं आली त्यांची आई आधीच चुलीवर गेली होती. ते खरोखरचे अनाथ. त्यांच्यासाठी अनाथालय निघालं, पुढं त्यालाही सरकारी मान्यतेच्या चौकटीत यावं लागलं. आणि त्याचा परिणाम काय, तर लोकांनी पिल्लं मारायची कमी केली. तुमच्या फडातल्या पिल्लाची आई जिवंत आहे, दोनशे फुटांवर बसलीय. आमटे अनाथाला घरात घेत होते, तुम्ही घरच्याला अनाथ करताय. यात सारखेपणा कुठला?

पाचवं शहरातल्या पाहुण्यांचं. "इथलं नको तर परदेशी आणू, ते कायद्यात बसतं." तिथंही मोकळं रान राहिलेलं नाही. २०२० साली केंद्रानं ज्यांच्याकडं परदेशी जनावरं आहेत त्यांनी आपणहून नोंद करावी म्हणून मुदत दिली होती. पुढं कायदा बदलला आणि २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातल्या जातींची नोंदणी सक्तीची केली. बॉबकॅट त्या करारात येतो. आणि कागद सगळे खरे असले तरी जनावर तेच राहतं. मैलोन्‌मैल फिरणाऱ्या जनावराला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवायचं, त्याचा आजार ओळखणारा डॉक्टर जिल्ह्यात शोधत फिरायचं. पैसे आहेत म्हणून केलं तर ते जास्तच वाईट. कारण तुमचं बघून गावातलं पोरगं फुकटचं पिल्लू उचलायला उसात शिरतं.

कायद्याचं बोललोच आहे तर इथल्या जनावरांचंही सांगतो, कारण 'माहीत नव्हतं' हे पोलिसांपुढं चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं नाही, धरणंही येतं. बाऊल आणि वाघाटी दोन्ही संरक्षित. वाघाटी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड कमीत कमी २५ हजार. रानातलं जनावर ही सरकारची मालमत्ता, आणि ते कुठल्याही कारणानं तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला नाहीतर वनखात्याला कळवायचं, असं त्या कायद्यातच लिहिलंय. आणि तुम्ही काय करता? तोंड दिसेल असा व्हिडिओ काढता, गावाचं नाव टाकता. पुरावा स्वतःच्या हातानं तयार करून वर गाणं लावता.

आता एक गोष्ट आपल्या सगळ्यांना उद्देशून. पिल्लाचा विषय निघाला की लोक ऊसतोड मजुरांकडं बोट दाखवतात. मला ते पटत नाही. पहाटे चारला थंडीत फडात उतरणारी माणसं. त्यांची लेकरं पाचटावर खेळतात, त्यांच्या हाताला पिल्लू लागतं. लेकरू उचलणारच. पण ते विकत कोण मागतं? व्हिडिओ कोण टाकतं? फड पेटवून द्या, तोड लवकर उरकेल, असं कोण म्हणतं? पेटवलेल्या फडातून मांजरी पळते, पिल्लं पळू शकत नाहीत. फडाचा मालक मी आहे, तुम्ही आहात. जबाबदारी आपली. दोन वर्षांमागं आमच्या रानात एका तोडणाऱ्या बाईनंच सरीत तीन पिल्लं बघितली आणि हाक मारली, "मालक, हितं लेकरं हायती, कोयता थांबवते." तेवढा गुंठाभर ऊस तसाच उभा ठेवला, टोळी दुसऱ्या कडेला लावली. कुत्री बांधली. रात्री कुणी फिरकलं नाही. सकाळी सरी रिकामी होती. चारीच्या चिखलात मांजरीच्या पायांचे ठसे शेजारच्या खोडव्याकडं गेलेले, पुन्हा परत आलेले, पुन्हा गेलेले. माझं नुकसान काय झालं? गुंठाभर ऊस एक दिवस उशिरा गेला.

म्हणून काय करायचं ते नीट सांगतो, म्हणजे 'मग करायचं काय' असं कुणी विचारायला नको.

तोड लावायच्या आधी मुकादमाला सांगून ठेवा, पिल्लू दिसलं तर हात न लावता हाक मारायची. शक्य असेल तर फड एका कडेनं तोडत न्या, म्हणजे जनावराला दुसरी कड मोकळी राहते. चारी बाजूंनी घेरत आत गेलात तर शेवटच्या तुकड्यात सगळी अडकतात.

पिल्लू दिसलं की आधी बघा काय आहे. अंगावर काळ्या फुलांसारखे ठिपके, जाड पंजे, मोठं डोकं असेल तर बिबट्याचं असू शकतं. तसं वाटलं की माणसं लगेच बाहेर काढा, कारण आई जवळ असते आणि ती वाघाटी नसते. ठरवत बसू नका, वनखात्याला फोन करा. हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६. जुन्नरकडं माणिकडोहच्या बिबट्या केंद्राची माणसं आणि वनखातं मिळून वर्षानुवर्षं हे काम करतंय, उसात सापडलेली बिबट्याची, वाघाटीची, रानमांजराची पिल्लं आईला परत देतात. पद्धत साधी आहे. पिल्लं तपासायची, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, लांबून कॅमेरा लावायचा आणि थांबायचं. आई येते, एकेक करून घेऊन जाते.

रानमांजराचं असेल आणि जागा सुरक्षित असेल तर तेवढा तुकडा उभा ठेवा. ते जमत नसेल तर वनखात्याची माणसं येईपर्यंत टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट अंथरून सावलीत, त्याच ठिकाणी ठेवा. दूध नाही, पाणी नाही, मटण नाही. कुरवाळणं नाही, फोटो नाही. कुणी आधीच हातात घेतलं असेल तरी 'आता माणसाचा वास लागला, आई घेणार नाही' म्हणून घरी नेऊ नका. तपासून, हाताळून ठेवलेली पिल्लंही आया नेतात, वर सांगितलंच. अंधार पडला की सगळ्यांनी लांब व्हा. बॅटरी मारत बघायला जाऊ नका. पहिल्या रात्री आली नाही तर वनखात्याला विचारून दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच करा. जखमी असेल, फारच मलूल असेल, तर पुढचा निर्णय त्यांच्यावर सोडा.

आणि ज्यांनी या हंगामात आधीच एखादं उचलून आणलंय, त्यांना हात जोडून सांगतो. लपवू नका. आणून दोन-तीन दिवसच झाले असतील तर आई अजून त्या बाजूला फिरत असायची शक्यता आहे. आजच १९२६ ला फोन करा, कुठल्या फडातलं, कुठल्या सरीतलं ते नेमकं सांगा. जितका उशीर तितकी आशा कमी.

हे पटलं तर एक काम करा. बदाम टाकू नका, तुमच्या टोळीच्या मुकादमाला आणि घरातल्या पोरांना हे वाचून दाखवा. आमच्या वरच्या चारीकडच्या फडाची तोड परवा लागतेय. काय दिसलं तर कळवतो. फोटो मात्र मागू नका.